राखणे आणि पाहणे

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. त्याच्या आसपासच्या खडकांवर, पाण्याखाली, आणखी एक बांधकाम अखंड चालू असते. ते प्रवाळांचे. काही मिलिमीटरचा एकेक जीव स्वतःभोवती चुन्याचे घर रचतो. अशी असंख्य घरे एकवटतात, तेव्हा वर्षाकाठी जेमतेम बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहूनही कमी, वाढ होते. माशांच्या पिलांना तेथे आसरा मिळतो.

हे वैभव जपण्यासाठी १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपल्या पिढीजात पाण्यात आपणच अपराधी ठरू, ही भीती मच्छीमारांनी तेव्हापासून बोलून दाखविली. त्याच पाण्यात आज हौशी पाहुणे काचेचा चष्मा लावून बुडी घेतात. जाळे टाकणारा संशयित आणि पाहणारा मात्र निर्दोष, हा न्याय मनाला पटतो काय?

वास्तविक संयम मच्छीमाराला नवा नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. रापण ओढायला अनेक हात लागतात, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. समुद्र एकट्याचा नव्हे, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही.

मग पाहणे वर्ज्य मानावे काय? मुळीच नाही. जे कधी पाहिले नाही, त्याच्यावर माणूस प्रेम कसे करणार? शिवाय या बुडीवर मालवणातील कित्येक घरांची चूल पेटते. परंतु पाहणे हेही एक प्रकारचे घेणेच आहे. प्रवाळावर टेकलेला पाय, बेफिकिरीने टाकलेला नांगर, मासे जमावेत म्हणून भिरकावलेला पाव, ही सारी त्या घेण्याची रूपे होत. वर्षानुवर्षांची वाढ एका पावलाखाली मोडते.

आणि जो मालवणला कधी गेलाच नाही, तो तरी मोकळा आहे काय? प्रवाळाच्या देहात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देते, रंगही देते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. समुद्राला तापविणारा धूर रापणीच्या दोरातून निघत नाही. तो बहुतांशी आपल्या वाहनांतून, कारखान्यांतून आणि विजेच्या हव्यासातून निघतो.

म्हणून राखणे म्हणजे दुर्बळाला कुंपणाबाहेर उभे करणे नव्हे. ज्याचा उपभोग मोठा, त्याने संयमाचा मोठा वाटा उचलणे, हे खरे राखणे. रापणीवर मासळीचे वाटे होतात, तसे या जबाबदारीचेही वाटे झाले पाहिजेत. त्यातला आपला वाटा आपण कधी उचलणार?