अन्नाची अट, शस्त्राची मुभा

६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातील अमेरिकन वाणिज्य दूतावासातून वॉशिंग्टनकडे एक तार गेली. तिच्याखाली वीस अमेरिकनांची नावे होती. त्यांत दूतावासातील अधिकारी होते, तसेच अमेरिकेचे विकाससाहाय्य पूर्व पाकिस्तानात पोचविणाऱ्या यंत्रणेतील कर्मचारीही होते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात जो संहार आरंभिला, त्याच्या निकट ही माणसे राहत होती. विद्यापीठातील अध्यापक आणि विद्यार्थी मारले गेल्याचे त्यांना ठाऊक होते. आपल्या शासनाने लोकशाहीच्या दडपणुकीचा निषेध केलेला नाही, अत्याचारांचाही केलेला नाही, आणि अनेकांना ही नैतिक दिवाळखोरी वाटेल, असा त्या तारेचा आशय होता. महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी आपला दुजोरा जोडून ती रवाना केली.

या प्रसंगाकडे राजनयाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहता येईल. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्यातील खरा प्रश्न निसटतो. तो प्रश्न असा की, एखादे शासन परदेशातील पीडितांना मदत करते, तेव्हा पीडा देणाऱ्याविषयी मौन बाळगण्याची त्याला मुभा मिळते काय? आणि उलटपक्षी, न्यायाचा वा तत्त्वाचा आग्रह म्हणून भुकेल्याच्या अन्नाला अट घालण्याचा अधिकार त्याला पोचतो काय? मानवी हक्क आणि मानवतावादी साहाय्य हे दोन शब्द आज जोडीने उच्चारले जातात. ही जोडी दिसते तितकी एकजीव नाही, हे बंगालच्या भूमीवर त्या दशकात जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच इतरत्र झाले असेल.

१९७१ मधील अमेरिकन धोरण निर्दय होते असे म्हणून हातावेगळे करणे सोपे आहे. पण ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या वर्षअखेर एक कोटीच्या जवळ पोचली. त्रिपुरासारख्या लहान राज्यात तर ती स्थानिक लोकसंख्येशी जवळजवळ बरोबरी करू लागली. या निर्वासितांसाठी बाहेरून जी मदत आली तीत अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा होता. ते धान्य, ती औषधे खरी होती. छावणीतील ज्या मुलाच्या मुखात तो घास गेला, त्याच्या दृष्टीने देणाऱ्याच्या हेतूची चिकित्सा निरर्थक होती. परंतु त्याच काळात, नवे परवाने थांबवूनही, आधी परवाने दिलेला लष्करी माल अमेरिकन बंदरांतून पाकिस्तानकडे जातच राहिला. ती वाट पूर्णपणे बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. एप्रिलच्या अखेरीस अध्यक्ष निक्सन यांनी स्वहस्ते शेरा लिहिला होता की, या घडीला याह्याखानांवर दबाव आणू नये. म्हणजे घरातून हुसकावलेल्याला एका हाताने भाकरी आणि हुसकावणाऱ्याला दुसऱ्या हाताने सामग्री, असा तो व्यवहार होता.

या धोरणाच्या समर्थकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे पेकिंगला गेले. चीनशी संबंध जुळले तर जगातील सत्तासंतुलन बदलेल, युद्धाची शक्यता घटेल, आणि या मोठ्या हिताच्या तुलनेत मध्यस्थाला दुखावणे परवडणारे नाही, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब केवळ स्वार्थाचा नव्हता. राजाचा धर्म व्यक्तीच्या धर्माहून निराळा असतो, ही जाणीव भारतीय परंपरेलाही अपरिचित नाही. महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्माबरोबर आपद्धर्माचीही विस्ताराने चर्चा आहे. परंतु आपद्धर्माची कल्पना ज्याच्यावर आपत्ती ओढवली आहे त्याच्यासाठी आहे. येथे आपत्ती ढाक्यावर होती आणि आपद्धर्माची सवलत वॉशिंग्टन घेत होते. दुसऱ्याच्या मरणाने स्वतःच्या सोयीची किंमत चुकती करणे याला कोणत्याही परंपरेने धर्म म्हटलेले नाही.

याच राज्याच्या वर्तनाची दुसरी बाजू काही वर्षे आधी भारताने अनुभवली होती. १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यान्वये अमेरिकेचा गहू भारतात येत असे. १९६५ पासून लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला, बिहारात दुष्काळ पडला, आणि नेमक्या त्या काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार बाजूला ठेवून धान्याची जहाजे थोड्याथोड्या मुदतीने, स्वतःच्या संमतीने सोडण्याची पद्धत अवलंबिली. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे हा तिचा एक उद्देश होता, आणि तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. परंतु व्हिएतनाममधील बाँबवर्षावाविषयी दिल्लीने उच्चारलेले शब्द वॉशिंग्टनला रुचले नव्हते, हेही त्या विलंबामागे होते. बंदराकडे डोळे लावून बसलेल्या देशाला आपले मत उच्चारण्यापूर्वी कोठारातील धान्य मोजावे लागले.

या अनुभवाला मराठीत एक नेमका शब्द आहे: मिंधेपणा. ऋणी असणे निराळे आणि मिंधे असणे निराळे. ऋण फेडता येते. त्यात देणारा आणि घेणारा यांची प्रतिष्ठा शाबूत राहते. मिंधेपणात घेणाऱ्याची जीभच गहाण पडते. महाराष्ट्रातील रेशनच्या दुकानांतून मिळालेला लाल मिलो एका पिढीच्या स्मरणात आहे; गाजरगवत त्या परदेशी गव्हाबरोबर आले ही लोकसमजूतही टिकून आहे. तिची सत्यासत्यता वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरवावी. परंतु ज्या अन्नाने लाखो लोक जगले त्याची आठवण लोकमानसाने तणाच्या रूपाने जपावी, यात केवळ कृतघ्नता पाहणे चूक ठरेल. मिंधेपणाने दिलेल्या घासाची चव अशीच उरते.

तिसरा प्रसंग १९७४ चा आहे, आणि तो अधिक दारुण आहे. स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाने क्यूबाला तागाच्या गोण्या विकल्या होत्या. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला अन्नसाहाय्य देण्यास अमेरिकन कायद्याचा प्रतिबंध होता. ही अट पुढे करण्यात आली; बांगलादेशाने निर्यात थांबविली; परंतु या घोळात महिने गेले आणि धान्य पोचले तेव्हा दुष्काळाचा सर्वांत कठीण काळ उलटून गेला होता. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे २६ हजार माणसे मेली. इतर अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. या दुष्काळाचे खापर एकट्या त्या अटीवर फोडणे योग्य नव्हे. महापुराने मजुरांचा रोजगार बुडाला होता, तांदळाचे भाव भडकले होते; देशात उपलब्ध असलेले एकूण धान्य त्या वर्षी आधीच्या वर्षांहून कमी नव्हते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. परंतु कारण अनेक असले म्हणून प्रत्येकाची जबाबदारी नाहीशी होत नाही. देश, काल आणि पात्र या दानाच्या तीन जुन्या कसोट्या आहेत. येथे देश योग्य होता, पात्रही योग्य होते. काल तेवढा चुकविला गेला. भुकेच्या बाबतीत काल चुकविणे आणि दान नाकारणे यांत फारसे अंतर राहत नाही.

हे तीन प्रसंग शेजारी ठेवले की एक विपरीत न्याय दृष्टीस पडतो. अन्नाला अट होती. शस्त्राला मुभा होती. गहू सोडताना प्राप्तकर्त्याचे भाषण तपासले गेले, त्याच्या गोण्या कोणाला विकल्या गेल्या हे पाहिले गेले. परंतु लष्करी माल सोडताना तो कोणावर रोखला जाणार आहे, ही चौकशी टाळण्यात आली. नीतीचा विवेक याच्या नेमका उलट क्रम सांगतो. अन्न नाकारल्याचा भार शासनकर्त्यावर पडत नाही. कोणताही हुकूमशहा परदेशी गव्हाअभावी उपाशी राहिलेला नाही. तो भार शेवटच्या रांगेतील माणसावर पडतो, आणि अपराधात त्याचा काहीही हात नसतो. शस्त्र नाकारल्याचा भार मात्र प्रथम सत्ताधाऱ्यावरच पडतो. म्हणून अन्न शक्यतो बिनशर्त असावे, आणि शस्त्र विनाअट कधीच दिले जाऊ नये.

या विधानावर एक गंभीर आक्षेप येतो. अन्नही निष्पाप राहत नाही. १९८४-८५ च्या इथिओपियातील दुष्काळात जगाने मुक्तहस्ताने मदत केली. तेथील लष्करी राजवटीने त्याच काळात उत्तरेकडील शेतकऱ्यांचे दक्षिणेकडे सक्तीने स्थलांतर केले आणि अन्नवाटपाची केंद्रे त्या सक्तीला उपयोगी पडली. याविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्या, सीमांपलीकडे काम करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेला १९८५ च्या अखेरीस देशाबाहेर घालविण्यात आले. भाकरी हेच बेडीचे साधन झाले तर बिनशर्त देण्याचा नियम कोठे उरतो? याचे उत्तर असे की, अट पोटाला घालता येत नाही, हाताला घालता येते. अन्न कोणाच्या हातून जावे, ते कोठे वाटले जावे, त्याच्या आमिषाने माणसे हाकलली जात असतील तर काय करावे, याविषयी देणाऱ्याने दक्ष राहिलेच पाहिजे. आणि हे सर्व शक्य नसेल तेव्हाही एक गोष्ट त्याच्या हाती उरते: जे दिसले ते सांगणे. त्या डॉक्टरांनी तेच केले. ढाक्याच्या तारेखाली साहाय्ययंत्रणेतील माणसांची नावे होती, याचे महत्त्व येथे कळते. आपण वाटतो ते धान्य आपल्या मौनाची किंमत होऊ नये, असे त्यांना वाटले असले पाहिजे.

अमेरिकन काँग्रेसने हा विवेक पुढे काही अंशी कायद्यात आणला. १९७५ च्या एका दुरुस्तीने मानवी हक्कांची सातत्याने पायमल्ली करणाऱ्या शासनांना विकाससाहाय्य देण्यास मनाई केली, परंतु जे साहाय्य थेट गरजूंपर्यंत पोचते त्याला त्यातून वगळले. लष्करी साहाय्यासाठीही त्याच सुमारास स्वतंत्र तरतूद झाली. कल्पनेचा क्रम योग्य होता. परंतु लष्करी साहाय्याच्या कलमात ‘असाधारण परिस्थिती’चा अपवाद ठेवलेला होता, आणि प्रत्येक शासनाला आपली परिस्थिती असाधारणच वाटते. कायदा विवेकाला शब्द देऊ शकतो. तो शब्द पाळण्याची इच्छा देऊ शकत नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची विकाससाहाय्य संस्था २०२५ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा दातृत्वावर उभी असलेली करुणा किती सहज आवरती घेता येते, हेही जगाने पाहिले.

भारतीय वाचकाने हे सर्व परक्याच्या दोषांची यादी म्हणून वाचू नये. १९७१ मध्ये भारताने जे केले त्यात सामरिक हित होते यात शंका नाही. तरी सीमा उघड्या ठेवण्याचा निर्णय सामान्य माणसाने आपल्या अंगावर घेतला. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांच्या साहाय्यार्थ पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. कोकणातून मुंबईला जाणाऱ्या पत्रावरही ते असे. त्या पाच पैशांना अट नव्हती, आणि घेणारा कोण हे देणाऱ्याला कधी कळणारही नव्हते. परंतु याच देशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. आश्रय हा येथे हक्क नसून शासनाची मर्जी आहे. १९५६ मध्ये सोव्हिएत फौजांनी हंगेरीतील उठाव चिरडला, तेव्हा दिल्लीची भाषा इतकी मवाळ होती की जयप्रकाश नारायणांसारख्यांना तिच्यावर जाहीर टीका करावी लागली. १९९० नंतरच्या दशकात भारताने आँग सान सू ची यांना नेहरू पुरस्कार दिला आणि त्यांना स्थानबद्ध करणाऱ्या लष्करी राजवटीशी संबंधही वाढविले. मैत्री आणि सोय यांच्या आड सत्य बोलण्याचे राहून जाते, हा रोग एका राष्ट्राचा नाही.

राज्याला अंतःकरण असते काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. राज्याला यंत्रणा असते, हित असते, स्मृतीही असते. अंतःकरण असते ते त्याच्या नावाने काम करणाऱ्या माणसांना. ब्लड यांना त्या तारेनंतर काही आठवड्यांतच ढाक्याहून हलविण्यात आले. त्याच वर्षी सर्जनशील मतभेदाबद्दलचा परराष्ट्रसेवेतील एक पुरस्कारही त्यांना मिळाला. यंत्रणेला दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. जुलै महिन्यात बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ हे पाकिस्तानी जहाज माल घेण्यास येत असता काही अमेरिकन नागरिक लहानलहान होड्या घेऊन त्याच्या वाटेत आडवे गेले. पोलिसांनी त्यांना दूर केले आणि जहाज धक्क्याला लागले. त्या होड्यांनी जहाज थांबले नाही. परंतु शस्त्राला अट घालण्याचे जे काम शासनाने करावयाचे होते, ते त्या दिवशी कोणी तरी करून पाहिले, एवढी नोंद राहिली.