गर्दुल्ल्याच्या चित्राबाहेर

नशा करणारा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अजूनही गर्दुल्लाच येतो: गालफडं बसलेला, घरातली भांडी विकून पुलाखाली पडलेला. हे चित्र खोटं नव्हतं. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरने मुंबई-पुण्यात घरंच्या घरं उठवली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं ‘मुक्तांगण’ सुरू झालं. चेन्नईत त्याआधीच, १९८०मध्ये, दारूपायी पती गमावलेल्या शांती रंगनाथन यांनी व्यसनमुक्तीचं काम उभं केलं होतं. व्यसन हा वर्षानुवर्षं पोखरणारा आजार आहे, हे या मंडळींनी आपल्याला शिकवलं. पार्टीतली नशा मात्र त्या चित्रात बसत नाही. तिथे पोखरायला वर्षं लागत नाहीत. एक रात्रही पुरते.

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचं शोळिंगनल्लूर घ्या. इन्फोसिस, एल्कॉटचा सेझ, काचेच्या इमारती आणि मागच्या गल्ल्यांत पीजी. पुण्या-नाशिकहून आलेली पोरंही इथे राहतात, घरी पैसे पाठवतात, सोमवारच्या मीटिंगला वेळेवर हजर असतात. चौकातून पूर्वेला वळून बकिंगहॅम कालवा ओलांडला की ईस्ट कोस्ट रोड आणि त्यावरची रिसॉर्ट्स. एखाद्या शनिवारी तिथे कुणी हातावर गोळी ठेवली, तर ती घेणारा स्वतःला व्यसनी समजत नाही. बहुधा तो नसतोही. म्हणूनच व्यसनमुक्तीचं पोस्टर आपल्यासाठी नाही, अशी त्याची खात्री असते. आईवडिलांचीही तीच समजूत असते: पोरगं कमावतंय, म्हणजे मार्गावर आहे.

त्या गोळीत एमडीएमए असेल, तर मेंदूतलं सेरोटोनिन एकदम उसळतं. अनोळखी माणूसही जिवलग वाटतो, पाय थकत नाहीत. त्याच वेळी नाडी धावते, जबडा आवळतो, दातांवर दात घासले जातात आणि अंग तापू लागतं. चेन्नईच्या दमट हवेत रात्री अकरालाही घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. अंगातली उष्णता ४१-४२ अंशांवर गेली की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला ऐवज मूत्रपिंडांत अडकतो, रक्ताची गोठण बिघडते. इथे तापाची गोळी कामाची नाही. मग भरपूर पाणी प्यावं? तेही बेतानंच, कारण एमडीएमएने लघवी रोखून धरली जाते. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९९५मध्ये अठरा वर्षांची लीआ बेट्स गेली ती गोळीनंतर प्यायलेल्या लिटरच्या लिटर पाण्याने. रक्तातलं मीठ उतरून मेंदूला सूज आली.

पार्टीतल्या बाकीच्या नशांची तऱ्हा वेगळी. मेफेड्रोन लवकर उतरतं, म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा घेतलं जातं आणि भार हृदयावर येतो. केटामीन हे खरं तर भुलीचं औषध. सतत घेतलं तर मूत्राशय आतून सोलवटतं. जीएचबीवर दारू पडली की श्वासच मंदावतो. शिवाय पुडीत नक्की काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि हे गोव्याच्या किनाऱ्यावरचं परदेशी खूळ म्हणून झटकण्याचे दिवस गेले: फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं ते कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात.

पार्टीत कुणी कोसळलं, तर सोबतचे काय करतात? बरेचदा ‘झोपू दे, उतरेल’ म्हणतात. पोलीस, नोकरी, घरचे या तिन्हींची धास्ती असते, आणि ती अनाठायी नाही. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात सेवनालाही तुरुंगवास आहे. कलम ६४अ खटल्यातून सूट देतं, पण ती स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला. पहिल्यांदाच गोळी घेतलेला मुलगा त्या व्याख्येत बसत नाही, त्याला दवाखान्यात नेणारा मित्र तर नाहीच. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांपुढेही गर्दुल्लाच आहे. रस्त्यावर अपघातग्रस्ताला उचलणाऱ्याला मात्र मोटार वाहन कायद्याने २०१९मध्ये कलम १३४अ आणून संरक्षण दिलं. तेच संरक्षण नशेने कोसळलेल्याला वाचवणाऱ्यालाही मिळायला हवं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तसे कायदे आहेत.

असं म्हटलं की ‘मग पोरं मोकाटच सुटतील’ असा आक्षेप येतो. विकणाऱ्यावर कारवाई व्हावी, जरूर व्हावी. पण गोळी घेताना कुणी कलमं चाळत नाही. कलमं आठवतात ती मित्र शुद्ध हरपल्यावर, फोन हातात असताना. शिक्षेची भीती नशा रोखायला कमी आणि रुग्णवाहिका रोखायलाच जास्त उपयोगी पडते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरातला नियम आजच बदलता येतो. ‘असलं काही करशील तर घरात पाऊल टाकू नकोस’ या धमकीऐवजी पोराला एवढंच सांगावं: कुणी कोसळलं तर एकटं सोडू नका, कुशीवर वळवा, अंग तापलं असेल तर ओल्या कपड्याने पुसून वारा घाला, १०८ला फोन करा, काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा. सवय लागलीय असं वाटलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बोलणी खायला पोरगं आधी जिवंत हवं.