भूतकाळाचे रूप आणि कर्त्याचे उत्तरदायित्व

क्रिया केव्हा घडली एवढेच भूतकाळाचे रूप सांगते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती क्रिया कोणाच्या नावे मांडावयाची, याचाही काही निर्णय त्या रूपात होत असतो. हा निर्णय कितपत नैतिक म्हणता येईल, हा येथे विचाराचा प्रश्न आहे.

स्पॅनिशमधील ‘कोन्तामिनार’ म्हणजे दूषित करणे, हा नियमित धातू घेऊ. घडून संपलेल्या क्रियेसाठी त्याची रूपे अशी: एकवचनी कोन्तामिने, कोन्तामिनास्ते, कोन्तामिनो, अनेकवचनी कोन्तामिनामोस, कोन्तामिनास्तेइस, कोन्तामिनारोन. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते असा प्रत्येक कर्ता प्रत्ययातच बसलेला आहे. सर्वनाम उच्चारले नाही तरी चालते. काय दूषित केले, याच्याशी मात्र या रूपांना कर्तव्य नाही.

मराठीतील सकर्मक धातूचा व्यवहार नेमका उलट आहे. ओढा दूषित केला, नदी दूषित केली, पाणी दूषित केले. येथे क्रियापद कर्माकडे पाहते. संस्कृतातील क्तान्त रूपांकडून आलेला हा कर्मणी प्रयोग आहे. मी, त्याने, आम्ही, त्यांनी यांपैकी कोणीही केली, तरी ‘केली’ हेच रूप राहते. अपवाद मध्यमपुरुषाचा: तू केलीस, तुम्ही केलीत. समोरच्याच्या कृत्यावर प्रमाण मराठीचे क्रियापद खूण करते. ‘मी’च्या कृत्यावर करीत नाही.

यावरून मराठी भाषक उत्तरदायित्व टाळतो असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. उल्हासनगरात १९४७ नंतर वसलेल्या निर्वासितांच्या सिंधीत ‘कयुमि’ एवढ्या एकाच शब्दात ‘मी केले’ हा अर्थ येतो. म्हणून काही त्या वस्तीतील माणूस शेजारच्या मराठी माणसाहून अधिक जबाबदार ठरत नाही. स्पॅनिशमध्येही ‘से कोन्तामिनो’ म्हणून कर्त्याला वगळता येते. व्याकरण पळवाटही देते आणि कबुलीची सोयही करते. प्रश्न निवडीचा आहे.

अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. तिच्याविषयी आपण म्हणतो, ‘वालधुनी दूषित झाली.’ या वाक्यात जिने सोसले तीच कर्त्याच्या जागी उभी आहे. ‘दूषित केली’ म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न निदान विचारता येतो. ‘झाली’ त्या प्रश्नाला जागाच ठेवत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवासी अत्यवस्थ झाले. ही एका रात्रीची, घडून संपलेली घटना होती. ‘कोन्तामिनारोन’, त्यांनी दूषित केली, हे रूप तिला शोभते. त्यातील ‘ते’ शोधता येतात. परंतु कारखान्यांचे सांडपाणी आणि घराघरांतील मैला वर्षानुवर्षे त्याच पात्रात जात राहिला. त्यासाठी स्पॅनिशमध्ये दुसरा भूतकाळ आहे: ‘कोन्तामिनाबामोस’, म्हणजे आम्ही दूषित करीत असू. आपल्या रीतिभूतकाळाचा हा जवळचा नातलग. या काळातील क्रियेला आरंभ-अंताची तारीख नसते. म्हणून तिची फिर्यादही सहसा होत नाही. घटनेचा अपराधी सापडतो, रीतीचा सापडत नाही, कारण रीतीत सगळेच राहत असतात. बदलापूरहून येणाऱ्या उल्हास नदीविषयी बोलतानाही हाच काळ वापरावा लागतो.

आपली कथात्म समीक्षा निवेदकाचा दृष्टिकोन बारकाईने तपासते. त्याच्या क्रियापदांचे प्रयोग क्वचितच तपासते. विस्थापनाच्या किंवा नगरांच्या ऱ्हासाच्या कथनात ‘गेले’, ‘झाले’, ‘घडले’ यांची रांग लागते, तेव्हा ती शोकाची लय आहे की कर्ता लपवण्याची युक्ती, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणूनच ते विचारले पाहिजे.

‘कोन्तामिनामोस’ या रूपाची एक गंमत नोंदवून थांबतो. ‘आम्ही दूषित केले’ आणि ‘आम्ही दूषित करतो’ या दोन्ही अर्थांसाठी ते एकच आहे. संदर्भावाचून त्यातला भूतकाळ ओळखता येत नाही. वालधुनीच्या काठी उभे राहून ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला तो मराठीतही ओळखता येणार नाही.