आधी नोंद, मग गुन्हा

कर्णाबद्दल हळहळायला आपल्याला फार आवडतं. ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली आली, तेव्हापासून तर ही हळहळ मराठी घरांत मुक्कामालाच आहे. आखाड्यात कृपाचार्यांनी कूळ विचारलं, सूतपुत्राची मान खाली गेली आणि त्याला अंगदेशाचं राज्य द्यायला पुढे आला तो एकटा दुर्योधन. पुढे भर सभेत कर्ण द्रौपदीला जे बोलला, ते आपण त्याच्या दुखावलेल्या मनाच्या खात्यावर टाकतो. मला मनापेक्षा दार महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी त्याच्यासाठी एकच दार उघडलं होतं, आणि ते दुर्योधनाचं होतं.

अपमानाने माणूस कडवट होतो आणि त्यातून खलनायक घडतो, हा हिशेब कादंबरीला सोयीचा. वाचकालाही सोयीचा; हळहळायला पैसे पडत नाहीत. पण माणसाला वाईट ठरवायचं तर त्याचं मन बिघडेपर्यंत थांबावं लागत नाही. पोटाची वाट अडवायची आणि वहीत नाव चढवायचं, एवढं पुरतं.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून नेमकं हेच केलं. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. जमात एकदा जाहीर झाली की तिच्यात जन्मलेल्याने काही केलंय का, हे कोणी विचारायचं कारणच उरत नसे. बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, वेशीबाहेर जायचं तर पास. आणि ज्यांच्यावर ही बंधनं आली, त्यांतल्या बहुतेकांचं पोट फिरण्यावरच होतं! हजेरी चुकवली तर शिक्षा, पाळली तर उपास. मग कोणी रात्री बाहेर पडून दाणे चोरून आणले, की साहेब म्हणणार, बघा, आम्ही सांगतच होतो.

सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या वस्तीला सेटलमेंट म्हणत. तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. तिथली माणसं कापडगिरण्यांत कामाला जात. चोरी ज्यांच्या रक्तात आहे असं सांगितलं जात होतं, ती भोंगा झाला की पाळीवर हजर! (याला सुधारणा म्हणणाऱ्यांनी कुंपण मात्र विसरू नये.)

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. खाकी नजरेला तेवढा आधार पुरला. अशाच जमातींतले फासेपारधी फासे लावून तितर, लावे धरत, काही जण शेताची राखण करत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती, पण फासा सोडलेल्या हाताने पुढे काय करायचं, याचं उत्तर कोणी तयार ठेवलं नव्हतं. गावाच्या कडेला पाल टाकलं तर गाव उठवतं, कामाला ठेवायचं तर भरवसा नाही. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी त्याच पालापाशी थांबते.

पारधी चोरी करतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. काही करतात, आणि ज्याचं घर फुटतं त्याचं नुकसान खरंच असतं. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात आपल्या, उचल्या जमातीच्या माणसांच्या चोऱ्या झाकल्या नाहीत. साहित्य अकादमीने १९८८ मध्ये त्या पुस्तकाचा सन्मान केला. आपण ते वाचलं, हळहळलो, आणि वाड्यावर राखणदार ठेवताना आडनाव विचारलंच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातींवर आधारलेले नियम रद्द करावे लागले. गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक करू नका, असंही पोलिसांना बजावावं लागलं. मूळ कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती.