ओळंबा आणि मनाचा कल

नकाशा वाचण्यात चूक झाली तर तो बुद्धीचा दोष; त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कित्येकांस वाटेल. परंतु रानात वाट नसली आणि आपल्या मागून चार माणसे विश्वासाने येत असली, म्हणजे हे उत्तर पुरे पडत नाही.

आपल्या गाविलगडच्या डोंगराचेच पाहा. त्याच्या उत्तर अंगाचे पाणी सिपना, गडगा अशा नद्यांतून तापीस जाते. दक्षिण अंगाचे चंद्रभागेसारख्या नद्यांतून पूर्णेस मिळते. धारेवर ही दोन्ही पाणी काही पावलांच्या अंतराने वेगळी होतात. माथे सपाट, कडे काळ्या दगडाचे, एकासारखा दुसरा. ओढा धरून उतरले की गाव लागते, हा भरवसा चांगला खरा. पण भलता ओढा धरणारा गावाकडे पाठ करून दिवसभर चालतो. (मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, परवानगीवाचून तेथील आडरानात शिरणे हा निराळाच दोष, त्याची चर्चा येथे नको.)

सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारी नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. उंचीच्या रेषा दाटल्या तेथे चढ उभा. त्यांचे टोक चढाकडे वळले तेथे ओहोळ, उताराकडे वळले तेथे डोंगराची सोंड. होकायंत्र ठेवून नकाशा उत्तरेस लावावा. एवढी विद्या शाळेतील मूलही शिकते. कठीण आहे ते मन. दिवस कलतो, घर आठवते, आणि समोर दिसेल ती टेकडी नकाशातील हवी तीच टेकडी वाटू लागते. डावीकडचा ओढा उजवीकडे आला तर, "नकाशा जुना असेल," असे आपण म्हणतो. नकाशा जुना असतोही. पण तो आपणांस अनुकूल असतो तेव्हा त्याचे वय कोणी काढीत नाही.

विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासेकडे आरंभिलेली देशाची मोजणी करीत असता १८२३ साली हिंगणघाटास देह ठेवला. त्यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम चालविले. मोजणीच्या कागदांत 'टाकल खेडा' म्हणून लिहिलेल्या वऱ्हाडातील ठाण्यावर, उत्तरेकडील डोंगराळ मुलखाच्या आकर्षणाने ओळंबा किंचित ढळत असणार, हे एव्हरेस्ट यांनी ओळखले, आणि १८३० सालच्या आपल्या ग्रंथात त्याचा हिशेब मांडला. ओळंब्यास ना घर, ना भूक, ना मान; तरी तो जवळच्या डोंगराकडे ओढला जातो. मग आपली गोष्ट काय सांगावी?

म्हणून माझे मत असे की, चुकणे निर्दोष आहे. चूक पाहण्याचे टाळणे निर्दोष नाही. एकटा असेल तो स्वतःचे पाय दुखवील. पुढारी असेल तो दुसऱ्यांचा विश्वास खर्च करतो. वाटेत गुरे चारणारा कोरकू भेटला असता त्यास विचारण्याची लाज वाटली, तर ती लाजही त्याच हिशेबात धरावी.

यास एक साधा उपाय आहे. निघण्यापूर्वीच कागदावर लिहावे की, अर्ध्या तासात अमुक ओढा, अमुक बाजूस लागला पाहिजे. तो न लागल्यास थांबावे, आणि आपण का थांबलो हे मागून येणाऱ्यांस मोठ्याने सांगावे.