डोमकळीच्या आतला मजकूर

मोझरी, ता. तिवसा

चि. नातीस,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आबाजी, जनुकं डोळ्यांना दिसत नाहीत, मग शेतकऱ्याच्या पोरीनं ती पाठ कशाला करायची?’ मी आश्रमाच्या प्रार्थनेला निघालो होतो, म्हणून उत्तर राहिलं. आज सवडीनं लिहितो.

2017 चा हंगाम आठवतो? तू लहान होतीस. तुझ्या बाबांनी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, एक फूल तुझ्या हातावर ठेवलं होतं, पाकळ्या आत वळून मिटलेल्या. ती डोमकळी. उकलली तर आत इवलीशी अळी. त्या वर्षी बोंडं बाहेरून हिरवीगार आणि आत सरकी पोखरलेली. वेचणीला निव्वळ डागी, कवडी कापूस हाती आला. उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडावी लागली.

आणि आम्ही पेरलेलं बियाणं तर अळी मारणारं! 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. पण फुलातली ती अळी, गुलाबी बोंडअळी, त्याला दाद देईना. गुजरातेत ते 2010 मध्येच उघड झालं होतं. 2006 मध्ये आलेलं दोन जनुकांचं बियाणंही पुढे तिच्यापुढे टिकलं नाही.

जेफ्री फॅब्रिक, ब्रूस टॅबॅश्निक आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या शेतांतल्या अळ्यांचं कॅडहेरिनचं जनुक वाचून काढलं. त्यांचा निबंध 2014 चा. शब्दकोश हाताशी घेऊन मी तो तीनदा वाचला. त्यांना त्या जनुकाची बिघडलेली आठ रूपं सापडली, आणि त्या आठांतून निघालेले संदेश एकोणीस!

हे कसं, ते तुझ्याच पुस्तकात आहे. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांनी 1977 मध्ये दाखवलं की जनुकाचा मजकूर सलग नसतो. पेशी आधी तो सगळा उतरवून घेते, मग मधले नको ते तुकडे कापून उरलेले जोडते, जिनात सरकी काढून रुई राहते तसं. कापायची जागा बदलली की एकाच जनुकातून निराळे संदेश निघतात. आपल्या अळीच्या आठांपैकी सात रूपांतून दोन किंवा अधिक संदेश निघत होते. कुठे वाक्य अर्ध्यात तुटलेलं, कुठे मोठा तुकडाच गळालेला, कुठे दोन्ही. विषानं चिकटायचं तरी कुठे? शेतात बीटी पिकाला हरवणारा प्रतिकार अशा कापाजोडीशी निगडित असल्याचं जगानं इथेच पहिल्यांदा पाहिलं. ते वाचताना अंगावर काटा आला, बाई. ज्या अळीला मी चिमटीत चिरडत होतो, तिच्यात एवढं चाललेलं होतं!

अळीनं हे ठरवून केलं नाही. असे बिघाड थोड्या अळ्यांत आपसूक असतात; बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. म्हणून तर 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम साध्या सरकीचं पाकीट मिळायचं. ते कडेनं पेरलं की साधी पाखरं तगतात, प्रतिकारक पाखरांशी जुळतात आणि पिल्लांत कॅडहेरिनची एक प्रत धड राहते. ती पिल्लं बीटी खाऊन मरतात. मी ते पाकीट दरवर्षी कोठ्याच्या कोनाड्यात टाकलं. वर हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी राखून फरदडही घेतली, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाऊ घातलं. ॲरिझोनात अळी हीच, जनुक हेच. तिथल्या शेतकऱ्यांनी बीटीसोबत साधा कापूस पेरला आणि प्रतिकार तिथे विरळच राहिला. पुढे नपुंसक पाखरं सोडून 2018 मध्ये अमेरिकेनं या अळीचं उच्चाटन जाहीर केलं. आपण ते पाकीट पेरलं नाही, हे मला आजही सलतं.

दिवाळीला येताना भिंग आण. खालच्या वावरात कामगंध सापळे लावलेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पाखरं आली की फवारणीची वेळ झाली समजायचं. रोज सकाळी मोजून कॅलेंडरवर लिहितो. काल तीन होती, आज पाच.

तुझा
आबाजी