दुसऱ्याच्या खांद्याचें माप

गेल्या भाद्रपदांत माझ्या पुतण्याचें पत्र अमेरिकेहून आलें. तो व त्याची पत्नी हीं दोघें मॉन्टाना प्रांतांत नोकरीनिमित्त राहतात. तेथें पानगळीच्या दिवसांत परवाना काढून लोक एल्क नांवाच्या थोर सांबराच्या मागें डोंगरांत हिंडतात, आणि मिळालेलें मांस घरीं आणून हिवाळाभर खातात. शेजाऱ्यांच्या संगतीनें या दोघांसही तो नाद लागला आहे. पुतण्यानें लिहिलें होतें: ‘काका, तुम्हीं वरळीच्या रेंजवर पुष्कळ वर्षें नेमबाजी केली आहे, म्हणून विचारतों. हिच्यासाठीं रायफल घ्यावयाची आहे. हिच्या खांद्यास पेलवेल असें काडतूस कोणतें? धक्का फार बसतां कामा नये. पण जनावर एका गोळीनें पडलें पाहिजे.’

गिरगांवांतील आमच्या बिऱ्हाडीं हें पत्र मोठ्यानें वाचलें गेलें, आणि पहिला वाद उत्तरावर न होतां प्रश्नावरच झाला. आमच्या वडील भगिनींनीं विचारलें, मुक्या जनावरास मारावयाचेंच कशाला? आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा शौक बहुतेक बंद पाडला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें उरलीसुरली वाटही मिटविली. मग जें येथें अपराध आहे त्याविषयीं तेथल्यास सल्ला कां द्यावा? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. परंतु ज्या घरांत श्रावण संपतांच भाऊच्या धक्क्यावरचें पापलेट येतें, त्या घरानें या प्रश्नाचा निकाल एका वाक्यांत लावूं नये, एवढें मीं नम्रपणें सुचविलें. त्या दिवशीं जेवतांना भगिनी माझ्याशीं बोलल्या नाहींत.

बंदूक आणि भूतदया यांचें नातें वाटतें तितकें सरळ नाहीं. आमच्या शेजारच्या खेतवाडींत मामाच्या घरीं वाढलेल्या एका मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती कोणती, हें विचारावयास तो बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्डसाहेब यांच्याकडे गेला. तोच मुलगा पुढें पक्षितज्ज्ञ सलीम अली या नांवानें जगास ठाऊक झाला. बंदुकीमुळें दया उपजते असें मी म्हणत नाहीं. त्या चिमणीस तर या कथेंत कांहींच मिळालें नाहीं. असो.

आतां काडतुसाकडे वळूं. गोळी जितकी जड आणि जितकी वेगवान, तितक्याच जोरानें रायफल मागें खांद्यावर आदळते; हा न्यूटनचा नियम आहे व त्यास नवराबायको कळत नाहीं. रायफल स्वतः जड असेल तर धक्का सौम्य होतो, पण तीच रायफल दिवसभर डोंगर चढतांना वाहावी लागते. १९६३ सालीं निघालेलें .३०० विंचेस्टर मॅग्नम हें काडतूस एल्कसाठीं तिकडे फार लोकप्रिय आहे. त्याचा धक्का ७ मिलिमीटर-०८ या मध्यम काडतुसाच्या सुमारें दुप्पट असतो. धक्क्यानें खांदा दुखतो हें खरें, परंतु खरी हानि ती नव्हे. दोनचार वेळां जबर धक्का बसला म्हणजे शरीर तो लक्षांत ठेवतें, आणि पुढच्या वेळीं चाप ओढण्याच्या क्षणींच डोळे मिटतात व मनगट दचकतें. गोळी चार बोटें खालीं किंवा मागें जाते. कागदी लक्ष्यावर तेवढ्यानें गुण कमी होतात. जनावराच्या बाबतींत ती गोळी काळजाऐवजीं पोटांत शिरते, आणि तें रानांत जाऊन कित्येक तास, कधीं दिवस, मरत राहतें.

म्हणजे पुतण्याच्या प्रश्नांत दोन माणसें दिसत असलीं तरी पक्ष तीन आहेत. पत्नीची कींव करून फारच हलकें काडतूस दिलें तर त्या दयेची किंमत सांबर देईल. ऐट म्हणून फार भारी दिलें तरी, नेम चुकल्यामुळें, ती सांबरच देईल. तिकडे कांहीं पुरुष मुद्दाम भारी रायफल बायकोच्या हातीं देऊन, ती मागें कोलमडते तें पाहून हंसतात, असें पुतण्यानेंच लिहिलें होतें. हा विनोद मला समजत नाहीं.

जखमेचें ऋण कोण फेडतो हें कधीं कधीं शेवटपर्यंत कळतही नाहीं. कुमाऊंतील चंपावतची वाघीण जिम कॉर्बेट यांनीं १९०७ सालीं मारली. तिनें ४३६ माणसें मारलीं असें ते सांगतात. तिचे उजवीकडचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले, व ते पूर्वीं कोणाच्या तरी गोळीनें मोडल्यामुळेंच ती नेहमींचें भक्ष्य सोडून माणसाकडे वळली, असें कॉर्बेट यांचें मत. ती गोळी झाडणारा घरीं जाऊन स्वस्थ झोंपला असेल. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनीं कॉर्बेट यांस जी रायफल भेट दिली ती .२७५ रिग्बी, म्हणजे ७ मिलिमीटर माउझरचीच इंग्रजी आवृत्ति; अगदीं सौम्य धक्क्याची. त्याच ७ मिलिमीटरनें बेल नांवाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानें आफ्रिकेंत शेंकडों हत्ती पाडले. हत्तीचें मस्तक करवतीनें कापून मेंदू नेमका कोठें असतो हें त्यानें आधीं पाहून ठेविलें होतें. त्या संहाराचें कौतुक करण्याची माझी इच्छा नाहीं. पण ज्यास आपण ‘बायकांपुरतें’ काडतूस म्हणूं पाहतों तें या दोन पुरुषांस कमीपणाचें वाटलें नाहीं, एवढें नमूद करून ठेवतों.

येथपर्यंत उत्तर सोपें होतें; मीं ‘मध्यम काडतूस घे’ असें एका ओळींत लिहून पत्र टाकलेंही असतें. परंतु पत्राच्या कडेला सूनबाईंनीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें: ‘काका, मला कोणीं विचारलेलें नाहीं. दुकानांत मीं धरून पाहिली ती रायफल ह्यांच्या मापाची होती.’

ही ओळ वाचून मी चपापलों, कारण नेमबाजींत मुरलेल्या माणसानें जें प्रथम विचारावयाचें तेंच मीं विचारलें नव्हतें. रायफलचा दस्ता कारखान्यांत बहुधा मध्यम उंचीच्या पुरुषाच्या हाताच्या मापानें कापलेला असतो. आंखूड हाताच्या व्यक्तीनें तो धरला कीं मान ताणली जाते, दस्त्याचें टोंक खांद्याच्या खोबणींत न बसतां दंडाकडे सरकतें, आणि मग साधा धक्काही गुद्द्यासारखा लागतो. पाहणारा म्हणतो, हिचा खांदा नाजूक. वस्तुतः खांद्याचा कांहीं दोष नसतो. लांकूड दुसऱ्याच्या मापाचें असतें. तें बोट-दीडबोट कापून टोंकाला रबराची गादी लाविली म्हणजे तीच व्यक्ति तेंच काडतूस निमूट झाडूं लागते. किती ठिकाणीं आपण लांकूड न कापतां माणसासच दुबळें ठरविलें असेल, हा विचार त्या रात्रीं मला सुटेना.

आपल्या भाषेंत या प्रकरणीं तीन क्रियापदें आहेत: झेपणें, पेलणें आणि सोसणें. झेपतें तें आपल्या आवांक्यांतलें. पेलतों तें आपण हातीं तोलून धरतों, त्यांत थोडा मानही असतो. सोसतों तें मात्र आपणांवर येऊन पडलेलें. माझ्या लहानपणीं आमच्या चाळींत पाण्याचा नळ तळमजल्यावर होता. पहांटे चारला पाणी येई, आणि प्रत्येक बिऱ्हाडांतील बाई भरलेला हंडा कमरेवर व कळशी डोक्यावर घेऊन तीन जिने चढे. त्या ओझ्यापुढें साडेतीन-चार किलोची रायफल ती काय! पण तें तुला झेपेल का, असें माझ्या आईस कोणीं विचारल्याचें मला आठवत नाहीं. लालबाग-परळच्या गिरण्यांत वाइंडिंग खात्यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांसही तें घरांत कोणीं विचारलें नसावें. झेपेल का हा प्रश्न आपण बहुधा तेव्हांच काढतों, जेव्हां वस्तु मानाची असते. कीर्तनकार सांगतात कीं, लहानपणीं जानकी शिवधनुष्याचा घोडा करून अंगणांत खेळे. पुढें स्वयंवराच्या मंडपांत तें धनुष्य उचलतांना राजे घामाघूम झाले. पण जिनें तें आधींच उचललें होतें तिच्या बळाची त्या सभेंत चर्चा झाल्याचें कीर्तनांत येत नाहीं.

तथापि दुसऱ्यासाठीं माप घेणें म्हणजे सर्वत्र अन्यायच, असेंही म्हणतां येत नाहीं. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें गिरण्यांतील स्त्रियांचे कामाचे तास अकरांवर आणले. तें माप कोणीतरी वरून घेतलें, आणि तें घेतलें नसतें तर मालकांनीं आपलें माप घेतलेंच असतें. मुलाच्या हातीं आपण सुरी देत नाहीं, आजाऱ्यास जिना चढूं देत नाहीं. भेद मला इतकाच दिसतो कीं, कायदा मालकास अडवीत होता. माझा पुतण्या, कितीही मायेनें असो, पत्नीसच अडवूं पाहत होता. शिवाय तो चुकला तर चूक उघडकीस येण्याची सोयच नव्हती. हलकें काडतूस मिळालेल्या बाईस भारी झेपलें असतें कीं नाहीं, हें कोणास कधींच कळत नाहीं.

क्रीडाक्षेत्रांत या गोष्टीचा पुरावा नोंदलेला आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें रायफलच्या एका स्पर्धेंत स्त्रीपुरुष एकत्र होते. मार्गारेट मर्डॉक या बाईंचे गुण सुवर्णपदक मिळविणाऱ्या लॅनी बॅशम यांच्याइतकेच झाले होते, आणि त्यांनीं तिला आपल्या पायरीवर ओढून घेतलें. १९९२ सालीं बार्सिलोना येथें उडत्या तबकड्यांच्या ‘स्कीट’ स्पर्धेंत चीनच्या झांग शान हिनें सर्व पुरुषांस मागें टाकून सुवर्णपदक पटकाविलें. त्यानंतर ती स्पर्धा केवळ पुरुषांची झाली, व १९९६ सालीं स्त्रियांसाठीं स्कीटच नव्हती! दहा मीटर एअर रायफलमध्यें पुरुषांस ६० गोळ्या आणि स्त्रियांस ४० असा भेद कैक वर्षें चालला. तो २०१८ पासून काढून टाकला, आणि आतां स्त्रियाही ६० झाडतात. ज्या रायफलला धक्का जवळजवळ नाहींच, तिच्या वीस गोळ्या स्त्रीस जड होतील हें गणित कोणत्या बुकांतलें, कोण जाणे. दादरच्या कीर्ति कॉलेजांतून व एन. सी. सी. मधून आलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजेच पुढच्या अंजली भागवत, याच वरळीच्या रेंजवर तयार झाल्या, आणि २००० सालीं सिडनीच्या अंतिम फेरींत पोंचल्या; २००४ सालीं अथेन्सला सुमा शिरूर पोंचल्या.

हें सारें मी इतक्या तत्परतेनें सांगूं शकतों, कारण ती चूक मीं स्वतः केलेली आहे. माझी पत्नी गिरगांवांतील एका शाळेंत गणित शिकवीत असे. १९८६ सालीं तिला मुख्याध्यापिकेची जागा देऊं केली. घरांत दोन मुलें, माझ्या आईचें आजारपण, आणि शाळेंतील भांडणें मला ऐकून ठाऊक. तिनें विचारण्यापूर्वींच मीं म्हटलें, ‘तुला झेपणार नाहीं, जिवाला त्रास होईल.’ मी खरोखर काळजीनेंच बोललों; त्यांत मत्सर नव्हता, असें मला अजून वाटतें. तिनें एक दिवस कांहीं उत्तर दिलें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं नकाराचें पत्र लिहून दिलें. तो विषय पुन्हां आमच्यांत निघाला नाहीं. त्यानंतर सात वर्षें तिनें माझ्या आईचें अंथरुणावरचें सारें केलें. तें तिला झेपेल का हें मीं विचारलें नाहीं. ती जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. घरांतील ओझीं हलकीं करण्याऐवजीं मीं शाळेचें ओझें दूर केलें, म्हणजे दस्ता न कापतां रायफलच काढून घेतली, हें मला तिच्या हयातींत सुचलें नाहीं. सुचलें असतें तरी बोललों असतों कीं काय, हें सांगवत नाहीं.

शेवटीं पत्राचें उत्तर मीं पुतण्यास न लिहितां सूनबाईंस लिहिलें. कोंपर काटकोनांत वांकवून त्याच्या आंतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचें अंतर मोजावें. दस्ता त्या मापाचा करून घ्यावा. मग रेंजवर ७ मिलिमीटर-०८,.२७० आणि हवी तर .३०० सुद्धां, प्रत्येकी थोड्याच गोळ्या, स्वतः झाडून पाहाव्यात. मधूनमधून शेजाऱ्यास न सांगतां रिकामें काडतूस भरावयास लावावें, म्हणजे चाप ओढतांना मनगट दचकतें कीं नाहीं हें आपलें आपणांस दिसेल. ही परीक्षा पुतण्यानेंही द्यावी, असें मुद्दाम खालीं रेघ ओढून लिहिलें. आणि शंभर यार्डांवरून लागोपाठ पांच गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळांत बसेपर्यंत दोघांपैकीं कोणीही डोंगरांत जाऊं नये.

उत्तर दिवाळीच्या सुमारास आलें. सूनबाईंनीं .२७० पसंत केलें. दस्ता सव्वा इंच कापावा लागला. पुतण्या आपल्या .३०० मॅग्नमवर रिकाम्या काडतुसालाही दचकतो, असें तिनें लिहिलें होतें, आणि त्याखालीं त्यानें स्वतःच्या हातानें ‘खरें आहे’ असें लिहिलें होतें. या हंगामांत दोघेंही डोंगरांत गेलीं नाहींत. हें पत्र मीं भगिनींस वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, ‘सांबर वांचलें म्हणायचें.’ मग थोड्या वेळानें, मीं न विचारतांच, म्हणाल्या, ‘वहिनीला ती जागा हवी होती.’